शाळेचं रेटिंग ९ की ६? मुलीच्या हायस्कूलसाठी घर बघतोय, सल्ला हवाय

मुळामुठा
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीत आलो, मिडलसेक्स काउंटीत भाड्याने राहतोय, आता घर घ्यायचंय. मुलगी आठवीत आहे म्हणजे सप्टेंबरपासून हायस्कूल. सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते त्यामुळे घर निवडलं की शाळा निवडली. दोन टाऊनवर येऊन थांबलोय, एकाचं हायस्कूल ग्रेटस्कूल्सवर (शाळांना १० पैकी रेटिंग देणारी वेबसाइट) ९, दुसऱ्याचं ६. ९ वाल्या टाऊनमध्ये तेवढंच घर इतकं महाग की हप्ता भरून हातात काही उरणार नाही, ६ वालं बजेटमध्ये बसतंय, स्टेशनही जवळ, पण झिलोवर (घरांच्या जाहिरातींची साइट) घराच्या फोटोंखाली तो ६ दिसला की पोटात गोळाच येतो. त्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक आहेत आणि फ्री लंचवालीही (कमी उत्पन्नामुळे शाळेत फुकट जेवण मिळणारी) बरीच. ऑफिसातले आपलेच लोक म्हणतात "तिकडे नको, तिकडे आपली मुलं कमी". मला ते ऐकून बरं वाटलं नाही, पण मुलीचा प्रश्न आला की काही सुचत नाही. हा आकडा नक्की मोजतो काय, कुणी नीट सांगेल का?

रारिटनकाठ
रेटिंग सोडा, राज्याच्या शिक्षण खात्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, प्रत्येक सरकारी शाळेचा असतो आणि फुकट आहे. त्यात निकाल गटवार दिलेले असतात, वंश, घरची परिस्थिती, इंग्रजी शिकणारी मुलं, स्पेशल एज्युकेशन असं सगळं वेगवेगळं. २००२ च्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्यापासून हे देशभर सक्तीचं झालं, त्याआधी शाळा एकच सरासरी दाखवायची आणि मागे पडलेली मुलं त्यात झाकून जायची. गट फार लहान असला तर आकड्याच्या जागी तारांकन (*) असतं, तिथून काही निष्कर्ष काढू नका.

गणितबाई
मी इथल्याच एका सरकारी हायस्कूलमध्ये ११ वर्षं गणित शिकवतेय, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं म्हणून सविस्तर लिहिते.

नुसत्या सरासरीने कसं फसायला होतं ते बघा. समजा ९ वाल्या शाळेत १०० मुलं, ९० सुस्थितीतली, त्यातली ८० टक्के पास, १० गरीब घरची, त्यातली ४० टक्के पास. एकूण ७६. आता ६ वाल्या शाळेत ४० सुस्थितीतली, ८५ टक्के पास, ६० गरीब घरची, ५० टक्के पास. एकूण ६४. म्हणजे दुसरी शाळा दोन्ही गटांना जास्त चांगलं शिकवतेय आणि तरी सरासरीत १२ ने मागे! खऱ्या शाळांत दर वेळी असंच निघेल असं नाही, पण सरासरी बघून ते कळणारच नाही एवढं नक्की. १९६६ च्या कोलमन अहवालात सुमारे ६ लाख मुलांचा अभ्यास करून हेच निघालं होतं की मार्कांमधला फरक शाळेपेक्षा घरामुळे जास्त पडतो, आणि चांगल्या शिक्षकाचा फायदा सगळ्यात जास्त होतो तो घरून आधार नसलेल्या मुलांना.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा आकडा बघून तर घाबरूच नका. ज्याचं इंग्रजी सुधारतं तो आज ना उद्या त्या गटातून बाहेर पडतो, त्याच्या जागी काल आलेला नवा मुलगा येतो, मग तो गट कायम खालीच दिसणार. माझ्या वर्गात ग्वाटेमालाहून आलेली एक मुलगी दोन वर्षांत ऑनर्स (वरच्या पातळीच्या) अल्जेब्राला गेली, तिचं यश त्या ओळीत नीट दिसत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

फ्री लंचचा आकडाही कच्चा आहे. गरिबी रेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट, १८५ पर्यंत सवलतीत, हा केंद्राचा नियम, पण हायस्कूलची बरीच मुलं लाजेपोटी फॉर्मच भरत नाहीत.

आणि "आपली मुलं" म्हणाल तर अमेरिकेत आलेल्या भारतीय प्रौढांत दर चारांतले तीन तरी पदवीधर, व्हिसाच तसा मिळतो. अशी मुलं एका शाळेत गोळा झाली की रेटिंग वर जातं, मग त्याचं श्रेय कुणाचं?

सातारी
बाईंशी सहमत, आणि हे आपल्याकडेही आहेच की. मी दहावीत जायच्या वेळी आमच्या शाळेने १०० टक्के निकालासाठी नववीतल्या कच्च्या पोरांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावलं, त्यात माझा बाकावरचा जोडीदार होता, हुशार पण आई शेतमजूर आणि घरी अभ्यासाला जागाच नाही. निकालाचा फलक गावभर लागला, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तेव्हापासून शाळेचा टक्का बघितला की मी आधी विचारतो, मोजली किती पोरं आणि वगळली किती.

मुळामुठा
खूप आभार, काल रात्री दोन्ही रिपोर्ट घेऊन बसलो. चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचा टक्का दोन्हीकडे जवळपास सारखा निघाला. गरीब घरच्या मुलांच्या ओळीत ६ वाली शाळा गणितात चक्क पुढे आहे! पण गैरहजेरी तिथे बरीच जास्त दिसतेय, आणि एपी कॅल्क्युलस (हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) फक्त एबी आहे, त्यापुढचा बीसी नाही. यातलं काय मनावर घ्यायचं?

गणितबाई
गैरहजेरीचं नक्की विचारा. १० टक्के दिवस बुडाले, म्हणजे १८० पैकी १८, की मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांत मोजलं जातं, शाळा त्यावर काय करतेय हे कौन्सेलर सांगेल. बीसी नाही याचं फार वाटून घेऊ नका, जवळच्या काउंटी कॉलेजात तो विषय घेता येतो का ते त्याच भेटीत विचारून टाका. तुमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्लेसमेंट, म्हणजे मुलीला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवतात ते. बारावीला कॅल्क्युलस हवं तर नववीला जॉमेट्री लागते, म्हणजे अल्जेब्रा वन आठवीतच झालेलं पाहिजे, आणि मुलगी मधेच आलीय त्यामुळे तिला खालच्या वर्गात टाकायची शक्यता आहे. पुण्याची सहावी-सातवीची गणिताची पुस्तकं आणि प्रगतीपुस्तक घेऊन जा, प्लेसमेंट टेस्ट मागा, आणि ऑनर्सच्या वर्गात हिस्पॅनिक मुलं किती आहेत तेही विचारा. उत्तर द्यायला शाळा किती वेळ घेते त्यावरून मला बरंच काही कळतं.