मदत हवी आहे: सोसायटीच्या ग्रुपवरच्या जाहिरातींना नियम काय लावायचा?

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाणी, लिफ्ट, पार्किंग असल्या कामांसाठी आहे, मी अ‍ॅडमिनपैकी एक. हल्ली हापूसच्या पेट्या, विमा, फ्लॅट विकणे आहे असलं इतकं येतं की परवा टाकी धुण्याची सूचना कुर्त्यांच्या फोटोंखाली गडप झाली आणि वरच्या मजल्यावरच्या आजींनी बादलीभरही पाणी भरून ठेवलेलं नव्हतं.

डिस्क्रिप्शनमध्ये नियम लिहिलाय, कोणी वाचत नाही. ओन्ली अ‍ॅडमिन केलं तर लोकांना तक्रारीच टाकता येईनात म्हणून परत उघडलं. कम्युनिटीत जाहिरातींचा वेगळा ग्रुप काढला, तिथे सगळे विकणारेच, घेणारं कुणी नाही. आणि मेसेज डिलीट केला की अ‍ॅडमिनने काढला हे सगळ्यांना दिसतं, माणूस दुखावतो, मग लिफ्टमध्येही बोलत नाही.

सरसकट बंदी नकोय. दोन-तीन काकू पोळीभाजी, दिवाळीचा फराळ करून देतात, त्यांचं गिऱ्हाईक इथलंच आहे आणि ते टिकायलाच हवं.

तुमच्याकडे आठवड्यातला एक वार, एकाची एकच पोस्ट असा नियम खरंच चाललाय का? स्वतःचं विकणारा रहिवासी आणि मेव्हण्याची जाहिरात फॉरवर्ड करणारा रहिवासी, यात रेघ कुठे ओढता? आणि कोणी मोडलाच तर आधी पर्सनलवर सांगता की थेट काढता?