मोबाईलमधले फोटो छापून घ्यायचे अनुभव लिहा: कुठे, कितीला, कसे निघाले

गेल्या पावसाळ्यात आईचा मोबाईल पाटाच्या पाण्यात पडला आणि चार वर्षांचे फोटो गेले, वडिलांचे शेवटचे फोटोही त्यातच, नशीब की थोडे बहिणीला पाठवलेले होते. आता तेवढे तरी कागदावर घ्यायचेत, वडिलांचा एक मोठा करून भिंतीवर लावायचाय. कोणी कुठे छापले, किती गेले, काय बिघडलं, सगळं लिहा.

जळगाव
भाऊ, आधी बहिणीकडच्या फोटोची साईज बघा. मी भाचीच्या हळदीचा फोटो ग्रुपवरून उचलून 12 बाय 18 इंच करून घेतला, फ्रेमसकट साडेसहाशे गेले, आणि चेहरे असे पुसट की भाचीचे डोळेच कळेनात. ग्रुपवर टाकला की फोटो दाबून लहान केला जातो. नंतर तोच काढणाऱ्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवला तर एकदम स्वच्छ निघाला. 4 बाय 6 ला 1800 बाय 1200 पिक्सेल म्हणजे उत्तम, 1600 बाय 1200 असले तरी छान येतो, पण तेवढ्यावर मोठी फ्रेम करू नका.

चाळीसगाव
स्टुडिओत 4 बाय 6 चे 12 रुपये घेतले, शंभरावर दिले तर 8. पण मोबाईलचा फोटो 4:3 आणि हा कागद 3:2, त्यामुळे कडा कापल्या जातात हे मला कुणी सांगितलंच नाही. रोटांच्या सणाला आमच्या खानदेशात नारळाची कानबाई देवी मांडतात, त्या दिवशीचा तिचा फोटो, नारळाला नथ, वर मुकुट, सगळे भाऊबंद बसलेले. छापून आला तर मुकुट अर्धाच. आजी फोटो हातात घेऊन म्हणे, "कानबाईना मुकुट कथा गया रे?" (कुठे गेला रे?) मला फार वाईट वाटलं. आता मी आधीच सांगतो, कापू नका, पांढरी पट्टी राहिली तरी चालेल.

भुसावळ
मी घरीच छापतो. आधी इंकजेट होता, महिनाभर वापरला नाही की शाई वाळायची, आणि फोटोवर थेंब पडला की रंग पसरायचा. आता रिबनवाला छोटा प्रिंटर घेतलाय, 108 कागदांचं पाकीट रिबनसकट येतं, एक फोटो 22-23 रुपयांना पडतो. महाग आहे पण पाण्याला घाबरत नाही, आणि पाहुणे निघायच्या आत फोटो त्यांच्या हातात देता येतो, ते मला फार आवडतं.

शहादा
ऑनलाईन मागवले, 100 फोटो कुरिअरसकट 870 ला, सहा दिवसांत आले. रंग जरा गडद वाटले, बाकी तक्रार नाही.

पाचोरा
चिकट पानांचा अल्बम घेऊच नका! आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात काय तापतं माहितीये ना, आमच्या लग्नाचे फोटो पानाला असे चिकटले की काढताना वरचा थरच निघून आला. खिशांचा अल्बम घ्या, आणि मागे नावं लिहायची तर पेन दाबून लिहू नका, पुढे वळ उठतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीकडचे फोटो पाहिले, 1600 बाय 1200 च निघाले. मोठ्या फ्रेमचा विचार सोडला, वडिलांचा 5 बाय 7 करतोय, बाकीचे 31 सगळे 4 बाय 6, पांढऱ्या पट्टीसकट. आईने निवडलेला फोटो म्हणजे पोळ्याचा, बैलाच्या शिंगाला गेरू लावताना वडील वळून बघताहेत तो.