मदत हवी आहे: पुस्तकातला थ्रीडी त्रिकोण स्क्रीनवर येतच नाहीये

रानपाखरू
गेम प्रोग्रॅमिंगचं एक जाडजूड पुस्तक घेतलंय, त्यातून ग्राफिक्स शिकतेय. टूडीची प्रकरणं नीट पार पडली, आता थ्रीडीच्या पहिल्याच प्रकरणात गाडी अडलीये. कोड पुस्तकात आहे तसाच्या तसा टाईप केलाय, ओळ न् ओळ ताडून बघितलीये, कंपाईल होतो, विंडो उघडते आणि आत नुसता काळा चौकोन. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही. पुस्तकात त्याच पानावर रंगीत त्रिकोण फिरतानाचं चित्र छापलंय. सोमवारी कॉलेजात दाखवायचंय, त्यामुळे प्लीज "हे सोड आणि ते शीक" नको, त्रिकोण का दिसत नाही तेवढंच सांगा.

कळफलक
कुठल्या सालचं पुस्तक, ओपनजीएल का डायरेक्टएक्स, मशीन कुठलं, यातलं काहीच लिहिलेलं नाहीये. कसं सांगणार?

रानपाखरू
विंडोजच, ११. डायरेक्टएक्स. पुस्तक जुनं आहे, अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड घेतलं. पण त्याने काय फरक पडतो, कोड तर चालतोय ना.

डोंगरवाट
डायरेक्टएक्स कितवं? ९ आणि ११ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ९ आलं २००२ च्या शेवटी, त्यात फिक्स्ड फंक्शन पाइपलाइन होती, म्हणजे लाइट-मटेरियल सगळं तयार, आपण फक्त चालू-बंद करायचं. १० पासून ते सगळं काढून टाकलं, तिथे शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिल्याशिवाय एक पिक्सेल उमटत नाही. तुझ्या कोडमध्ये शेडर आहे का?

तिखटमीठ
रानपाखरू, राग मानू नकोस पण ते पुस्तक रद्दीत दे. आज कोण डायरेक्टएक्स ९ मध्ये गेम बनवतं? गोडो नावाचं गेम इंजिन डाउनलोड कर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, संध्याकाळपर्यंत तुझा त्रिकोण काय, अख्खं कॅरेक्टर उड्या मारायला लागेल. मी स्वतः कॉलेजला असताना पुस्तकं वाचत बसलो आणि एकही गेम पूर्ण झाला नाही, इंजिन घेतलं तेव्हा कुठे हातात काही आलं.

कळफलक
@तिखटमीठ, तिने स्पष्ट लिहिलंय की हे नको. आणि तिला गेम नाही, ग्राफिक्स शिकायचंय. इंजिनमध्ये बटण दाबून त्रिकोण आला तर तो कसा आला हे कुठे कळतं?

तिखटमीठ
ड्रायव्हिंग शिकायला गिअरबॉक्स उघडावा लागत नाही.

कळफलक
मेकॅनिक व्हायचं असेल तर लागतो. असो, यावर दुसरा धागा काढा.

रानपाखरू
शेडर नाहीये. ९ च आहे. हेडर फाइल सापडत नव्हती म्हणून वर्गातल्या मित्राने काहीतरी पॅकेज टाकून दिलं, त्यानंतर कंपाईल व्हायला लागलं. कृपया मुद्द्यावर या ना कोणीतरी.

नवशिक्या
माझीही सेम अडचण आहे म्हणून इथेच विचारतो. मला तर ती हेडर फाइलच मिळत नाहीये. डी३डी९ वाली मिळते पण डी३डीएक्स९ वाली मिळत नाही म्हणतो. एसडीके (प्रोग्रॅम लिहिण्यासाठीचा फाइल-संच) इन्स्टॉल करायला गेलो तर एस१०२३ असा एरर देऊन बंद पडतो. तीन-चार व्हिडिओ बघितले, प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

अर्धविराम
@नवशिक्या, मायक्रोसॉफ्टने वेगळा डायरेक्टएक्स एसडीके शेवटचा काढला जून २०१० मध्ये. त्यानंतर डायरेक्टएक्स विंडोज एसडीकेतच येतं, पण ती एक्स वाली मदतनीस लायब्ररी त्यात घेतलेली नाही. म्हणून डी३डी९ मिळतं आणि डी३डीएक्स९ मिळत नाही. तुझ्या इन्स्टॉलमध्ये काही खोट नाहीये, पुस्तकाच्या वेळी ते सगळं एकत्र मिळायचं इतकंच.
एस१०२३ चं कारण असं की तुझ्या मशीनवर व्हिज्युअल सी++ २०१० चं रीडिस्ट्रिब्युटेबल (प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइलींचं पॅकेज) आधीच आहे आणि ते एसडीकेच्या पोटातल्या व्हर्जनपेक्षा नवीन आहे. कंट्रोल पॅनलमधून ते काढ, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही, मग एसडीके टाक, मग नवीन रीडिस्ट्रिब्युटेबल परत टाक. किंवा हे सगळं टाळायचं तर व्हिज्युअल स्टुडिओच्या न्यूगेटमध्ये (पॅकेज उतरवायची सोय) डीएक्सएसडीके शोध, मायक्रोसॉफ्टनेच डी३डीएक्सचं पॅकेज तिथे ठेवलंय. रानपाखरूच्या मित्राने बहुतेक तेच केलं असणार.

जुना_खेळाडू
वाचून फार बरं वाटलं की अजून कोणी पुस्तकातून शिकतंय. आमच्या वेळी टर्बो सी आणि ग्राफिक्स.एच, बीजीआयचा पाथ चुकला की इनिटग्राफ एरर देऊन मोकळा. मग एका सीनियरने मोड १३एच दाखवला. ३२० बाय २००, २५६ रंग, आणि स्क्रीन म्हणजे ए०००० या पत्त्यापासून पसरलेले सरळ ६४००० बाइट. वायला ३२० ने गुणून एक्स मिळवायचा आणि तिथे आकडा लिहायचा, पिक्सेल पेटला! गुणाकार हळू चालायचा म्हणून ३२० चे २५६ आणि ६४ असे भाग करून शिफ्ट करायचो. डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून हे एकदा करून बघच, मेमरी आणि पडदा यांचं नातं जे समजतं ते पुढे आयुष्यभर पुरतं.

नवशिक्या
जुना_खेळाडू काका, मोड १३एच वर सविस्तर लेख लिहा ना. रुमाल टाकून ठेवतोय.

भिंगरी
ग्राफिक्ससाठी लॅपटॉप घेताना इंटिग्रेटेड कार्ड अजिबात घेऊ नका, रॅम किमान १६ जीबी बघा आणि थंड राहील असा घ्या. माझ्या भावाने पातळ दिसतो म्हणून घेतला आणि आता रेंडर लावला की मांडीवर ठेवता येत नाही.

डोंगरवाट
भिंगरीताई, त्रिकोणाला एवढं लागत नाही हो, दहा वर्षं जुन्या इंटिग्रेटेड कार्डावरही तो धावतो.
रानपाखरू, आता नीट उत्तर दे. १) आधीच्या प्रकरणातला सपाट त्रिकोण दिसत होता का? २) त्याच्या व्हर्टेक्समध्ये, म्हणजे कोपऱ्याच्या बिंदूत, एक्सवायझेडनंतर आरएचडब्ल्यू हा चौथा आकडा होता का? ३) स्क्रीन पुसताना, म्हणजे क्लिअर करताना, कुठला रंग दिलायस? ४) पुस्तकात या प्रकरणाचा पूर्ण कोड छापलाय की थोडाच?

रानपाखरू
१ हो, एकदम छान दिसत होता. २ हो आरएचडब्ल्यू होतं, या प्रकरणात ते काढायला सांगितलंय, नुसतं एक्सवायझेड आणि रंग. ३ काळा, ०,०,०. ४ ड्रॉ करायचं फंक्शन आणि मॅट्रिक्सचा भाग छापलाय, सुरुवातीच्या सेटअपबद्दल "पूर्ण कोड सीडीवर पाहा" म्हटलंय. सीडी नाहीये, मागच्या कव्हरला फक्त प्लास्टिकचं पाकीट आहे.

डोंगरवाट
मग सापडलंच म्हणायचं. क्लिअरचा रंग काळ्याऐवजी निळा कर, ०,०,२५५, बाकी कशाला हात लावू नकोस, आणि काय दिसतं ते इथे लिही.

रानपाखरू
निळ्या स्क्रीनवर काळा त्रिकोण फिरतोय!!! म्हणजे तो आधीपासून होता?

डोंगरवाट
होता, काळ्यावर काळा. डायरेक्ट३डी ९ मध्ये लाइटिंग सुरुवातीपासून चालू असतं. तू एकही दिवा लावलेला नाहीस, अँबियंट (सगळीकडचा सरसकट उजेड) पण शून्य, त्यामुळे हिशोबाअंती प्रत्येक व्हर्टेक्सचा रंग काळा निघतो, तू लाल-हिरवा दिलास तरी. आरएचडब्ल्यू वाले व्हर्टेक्स "आधीच ट्रान्सफॉर्म केलेले" समजले जातात, ते मॅट्रिक्समधूनही जात नाहीत आणि लाइटिंगमधूनही, म्हणून सपाट त्रिकोण व्यवस्थित दिसत होता. डिव्हाइस तयार झाल्यावर सेटरेंडरस्टेटला लाइटिंगचं स्टेट फॉल्स दे. ही एक ओळ त्या सीडीवर असणार.
आणि यापुढे शिकताना क्लिअरचा रंग काळा ठेवूच नकोस. ग्राफिक्समध्ये प्रोग्रॅम बऱ्याचदा एरर देत नाही, नुसता गप्प बसतो. काळा हा त्या गप्प बसण्याचाच रंग आहे, दिवा नसला, टेक्श्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) लोड झालं नाही, तरी बऱ्याचदा काळाच येतो. निळ्या किंवा राखाडीवर निदान "काहीच नाही" आणि "काळं काहीतरी" यातला फरक तरी कळतो.

कळफलक
डोंगरवाटला +१. हेच कारण आहे की मी जुन्या पुस्तकांच्या विरोधात नाही पण सीडीशिवायच्या पुस्तकाच्या विरोधात आहे. @रानपाखरू, प्रकाशकाच्या साइटवर कधीकधी जुने कोड ठेवलेले असतात, शोधून बघ.

तिखटमीठ
बघा, एका ओळीसाठी अख्खा धागा खर्ची पडला. आणि ती ओळ ११ मध्ये अस्तित्वातच नाही, म्हणजे हे ज्ञान पुढे शून्य उपयोगाचं.

अर्धविराम
असहमत. ओळ जाईल, पण लाइटिंग म्हणजे नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) आणि दिव्याची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट, हे ११ मध्ये शेडरमध्ये स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, ओपनजीएल, वल्कन, वेबजीएल सगळीकडे तेच. वर्ल्ड-व्ह्यू-प्रोजेक्शन मॅट्रिक्स तीच, इंडेक्स बफर तोच. २००२ चं गणित २००२ मध्येही जुनंच होतं. पुस्तकातली मॅट्रिक्सची प्रकरणं मन लावून कर, इन्स्टॉलेशनची पानं खुशाल सोडून दे.

रानपाखरू
आला!!! रंगीत त्रिकोण आला, अगदी पुस्तकातल्यासारखा. डोंगरवाट दादा, खूप खूप आभार. पण आता अजून एक, तो वायच्या अक्षाभोवती फिरवला की अर्धा वेळ गायब होतो, मग परत येतो. ही पण सीडीवरचीच ओळ का?

डोंगरवाट
हो, त्याच कुळातली. डायरेक्ट३डीला घड्याळाच्या दिशेने मांडलेले व्हर्टेक्स म्हणजे पुढची बाजू वाटते, उलट दिशेने दिसले की ती पाठ समजून काढतच नाही. बंद वस्तूत, समजा ठोकळ्यात, पाठ कधी दिसत नसते, त्यामुळे जवळपास निम्मं काम वाचतं. एकट्या त्रिकोणाला मात्र दोन्ही बाजू दिसायला हव्यात, म्हणून कलमोड (पाठ गाळायचं सेटिंग) नन कर. ठोकळ्याच्या प्रकरणाला पोचलीस की परत चालू कर, आणि तेव्हा ठोकळ्याच्या भिंती गायब दिसल्या तर कलमोड बंद न करता इंडेक्सचा क्रम तपास.

मोरपंखी
अवांतर विचारते, गेममध्ये मराठी अक्षरं कशी दाखवायची? माझ्या मुलीसाठी बाराखडीचा खेळ करतेय, "कि" लिहिलं की वेलांटी क च्या नंतर येते आणि जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली दिसतात.

अर्धविराम
मोरपंखी, साठवताना वेलांटी क च्या नंतरच असते, दाखवताना आधी आणावी लागते, आणि जोडाक्षरासाठी फॉन्टमधला वेगळा ग्लिफ (अक्षराचा आकार) निवडावा लागतो. एकेक अक्षर सुटं सुटं चिकटवणाऱ्या टेक्स्ट कोडला हे जमत नाही. हार्फबझ नावाची लायब्ररी हेच काम करते, इंजिन निवडताना तिचा आधार आहे का ते बघा, गोडोच्या ४ मध्ये आहे. बाराखडीपुरतंच असेल तर प्रत्येक अक्षराचं चित्र करून टेक्श्चर म्हणून लावा, सगळ्यात सोपं.

तिखटमीठ
बघा, शेवटी गोडोच.

नवशिक्या
न्यूगेटवालं पॅकेज चाललं, हेडर मिळाली! पण आता विंडोचं शीर्षक दिलंय त्या ओळीवर कॉन्स्ट चार वरून एलपीसीडब्ल्यूएसटीआर मध्ये बदलता येत नाही म्हणतो. पुस्तकात तर साधी अवतरणचिन्हंच आहेत.

अर्धविराम
पुस्तकाच्या काळी प्रोजेक्ट मल्टिबाइट असायचे, आता नवीन प्रोजेक्ट युनिकोड असतो. प्रोजेक्ट प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, कॅरेक्टर सेट, तिथे मल्टिबाइट कर. किंवा अवतरणाच्या आधी मोठा एल लाव, पण मग प्रत्येक ठिकाणी लावावा लागेल. यानंतर लिंकरने अनरिझॉल्व्हड एक्सटर्नल दिला तर वर एक्स६४ निवडलंय का एक्स८६ ते बघ, पुस्तक ३२ बिटचं आहे आणि लायब्ररीचा फोल्डर त्याच्याशी जुळायला हवा. तरीही अडलास तर एररचा पूर्ण मजकूर इथेच टाक, व्यनि (खाजगी निरोप) नको, पुढच्यांनाही मिळेल.