'विश्वास अंतराल'ला बरा शब्द सुचवा

सातपुडापायथा: प्रथम वर्षाच्या मुलांसाठी संख्याशास्त्राच्या टिपा मराठीत लिहितोय. 'कॉन्फिडन्स इंटरव्हल', म्हणजे नमुन्यावरून खऱ्या सरासरीसाठी काढलेली 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी हद्द, तिला 'विश्वास अंतराल' लिहिलं. यावलकडच्या एका मुलाने वहीत केलं 'विश्वास अंतराळ'. एकीने तर 'विश्वास मध्यांतर'; म्हणजे अर्धा विश्वास झाला, आता चहा-वडा. दुसरा शब्द आहे का?

बोरीकाठ: सर, त्या पोराला रागावू नका. संस्कृत 'अंतराल'चंच मराठीत 'अंतराळ' झालं. माझी हरकत 'विश्वास'ला. विश्वास माणसावर ठेवतात, आकड्याची खात्री करतात. 'खात्रीची मर्यादा' चालेल.

शब्दनिष्ठ: 'खात्री' अरबी 'खातिर'वरून आली. संज्ञा संस्कृतातूनच घ्यावी, तिच्यापासून पुढचे शब्द घडतात. खात्रीपासून काय घडवणार? 'खात्रीय'?

रावेरकर केळीवाला: आमच्याकडे केळी पट्टा म्हणतात, कापूस पट्टा म्हणतात. 'भरोशाचा पट्टा' म्हणा ना. समजा बागेतले 25 घड तोलले. सरासरी 18 किलो, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती पसरली त्याचं माप) 4. पंचविसाचं वर्गमूळ 5, म्हणून 4 भागिले 5, आले 0.8. त्याला 95 टक्क्यांसाठी टीच्या कोष्टकातल्या (संख्याशास्त्राच्या पुस्तकातला तयार तक्ता) 2.064 ने गुणा: 1.65. पट्टा 16.35 ते 19.65. बागेची खरी सरासरी यात असण्याची शक्यता 95 टक्के. झालं की.

शब्दनिष्ठ: घड नव्हे, लोंगर.

सातपुडापायथा: दादा, हिशोब चोख, शेवटचं वाक्य तेवढं चुकलं. पेपरातही बहुतेक जण तिथेच पडतात. बागेची खरी सरासरी ठरलेलीच आहे, आपल्याला ठाऊक नाही इतकंच. हलतो तो पट्टा. उद्या दुसरे 25 घड तोला, पट्टा दुसराच निघेल. असं पुन्हापुन्हा केलं तर शंभरातले साधारण 95 पट्टे तिला पकडतील. 95 टक्के ही त्या रीतीची पत आहे, हाती आलेल्या एका पट्ट्याची नाही. संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी 1937 साली हे मांडलं ते असंच. म्हणून तर 'विश्वास' शब्द खटकतो. पोरांना वाटतं, याच पट्ट्यावर 95 टक्के विश्वास ठेवायचा.

बोरीकाठ: अहो, हा तर सारंगखेड्याच्या यात्रेतला रिंग टाकायचा खेळ! साबण जागचा हलत नाही, रिंग कुठेही पडते. 99 टक्के हवे असतील तर रिंग मोठी घ्या. मग मूळचा 'अंदाज' काय वाईट? फारसीत त्याच्या मुळाशी फेकणंच आहे, म्हणून तर गोलंदाज, तीरंदाज. मी म्हणेन 'अंदाजकडं'.

शब्दनिष्ठ: कडं पायातलं की हातातलं? आणि पुन्हा फारसीच!

बोरीकाठ: काका, 'बाजार' आणि 'हजार'सुद्धा फारसीच. ते वगळून केळी विकून दाखवा.

धुळेकरीण: 'मीन'चं काय करताय? दहावीच्या पुस्तकात 'मध्य', त्याला चिकटून मीडियनचा 'मध्यक'. माझ्या भाच्याने दोन्हींची उत्तरं अदलाबदल करून लिहिली. सरळ 'सरासरी' लिहा. आणि रावेरवाले दादा, मृगबाग नि कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची नि पावसाळ्यानंतरची लागवड, एकत्र तोलली का? रस्त्याकडचे भरलेले घड तेवढे निवडले असतील तर पट्टा कितीही अरुंद काढा, काय उपयोग?

रावेरकर केळीवाला: ताई, म्हटलं ना समजा. आणि अरुंद करणं महाग पडतं. रुंदी निम्मी करायची तर 100 घड तोलायचे, मजुरी कोण देईल?

बोरीकाठ: कांदेबागेत कांदा कुठून आला, कुणी सांगेल का? मला तो 'कंद' वाटतो. केळी कंदापासूनच लावतात ना?

शब्दनिष्ठ: नक्कीच कंद. अपभ्रंश उघड दिसतो.

सातपुडापायथा: मंडळी, सोमवारी तास आहे. फळ्यावर काय लिहू?

रावेरकर केळीवाला: कंद म्हणणाऱ्यांनी एकदा बांधावर यावं. आमच्याकडे कंदाला कंदच म्हणतात आणि कांद्याला कांदा. आणि घडच म्हणतात, लोंगर नाही.