मदत हवी आहे: मासेमारीच्या ठेक्यात तलावातली कमळकाकडीही येते का?

नमस्कार. अर्जुनी मोरगाव तालुक्यातून (जि. गोंदिया) लिहितो आहे. आमच्या गावात जुना मालगुजारी (म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातला) तलाव आहे. पाणी उतरलं की ढिवर (मासेमार समाजाच्या) बाया चिखलात उतरून कमळकाकडी काढतात, बाजारात विकतात. त्यांच्या सासवाही हेच करायच्या. यंदा मासेमारीचा ठेका घेणाऱ्यांनी बजावलं, पाण्यातलं सगळं आमचं, काढायचं तर पैसे भरा. पावती मागितली तर देत नाहीत. मी ठेकापत्र वाचलं, त्यात फक्त मासे आहेत.

तलावाच्या वरच्या अंगाची जमीन सातबाऱ्यावर झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) म्हणून आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी झुडपी जंगल ही वनजमीनच ठरवली, तेव्हापासून बायांना वनखात्याचीही धास्ती आहे. मला उलट वाटतं. वनजमीन असेल तर वनहक्क कायदा 2006 लागू व्हायला हवा, आणि त्याच्या कलम 3(1) मध्ये मासे व पाणवठ्यातल्या इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क मान्य आहे. माझं बरोबर आहे का? ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या आधीची 75 वर्षं दाखवावी लागतील. एवढा जुना कागद या बायांकडे कुठून येणार? कोणी असा दावा केला असेल तर कृपया सांगा.

उत्तर: भाऊ, दिशा बरोबर आहे. 75 वर्षं वास्तव्याची दाखवायची असतात, प्रत्येकीच्या नावाचा कागद लागत नाही. आधी तहसीलमधून गावाचं निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद, काढा. निस्तार हक्क याच कलमात नावानिशी आहे. सोबत म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब जोडा, पण ते दावेदार नसावेत. एका पुराव्यावर थांबू नका, नियम एकाहून अधिक मागतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा, तिथून उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे जातो. जो भाग वनजमिनीत नाही तिथे हा कायदा चालणार नाही, म्हणून मोजणीचा नकाशा आधी बघा.

आणि एक, ग्रामसभेच्या ठरावातच कंद कुठवर खणायचे ते लिहा. सगळे उपटले तर पुढच्या साली कमळ फुटणार नाही, आणि बायांचंच नुकसान होईल.

धागाकर्ता: फार आभार दादा. निस्तार पत्रकासाठी सोमवारी अर्ज देतो. ग्रामसभेला निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया लागतात ना? मग धानकापणी उरकल्यावरचीच तारीख धरतो. ठरावाचा नमुना कोणाकडे असेल तर इथे टाका.