आई-बाबांच्या लग्नाचा 40वा वाढदिवस, मुंबईत फाइन डाइनला कुठे न्यावं?

डोंबिवलीची_लेक:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. दरवेळी घरी श्रीखंड-पुरी होते पण यंदा मी आणि दादाने ठरवलंय की दोघांना एकदा तरी खरंच भारी ठिकाणी नेऊन जेवू घालायचं. आम्हाला शिकवताना त्यांनी कधी हौसमौज केलीच नाही, बाहेर खाणं म्हणजे मामलेदारची मिसळ, फार तर दादरला मासे, तेही पाहुणे आले की. माझ्या मनात मास्क नावाचं रेस्टॉरंट आहे, खूप वाचलंय त्याबद्दल. चौघांचे मिळून वीस हजारांपर्यंत जमवलेत. अडचणी अशा की आई शाकाहारी, बाबांना डायबेटीस आहे आणि रात्री आठला इन्सुलिन घेऊन लगेच जेवावं लागतं, आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी आलीय म्हणजे आई चंद्रोदयाशिवाय जेवणार नाही. फोटो अल्बम करायला घेतलाय त्यात लग्नानंतरच्या आठवड्यातला एक फोटो सापडला, गेटवेला दोघं उभे, मागे ताज, आईने पदर दोन्ही हातांनी धरलाय वाऱ्यामुळे. तो बघून जास्तच वाटायला लागलंय की काहीतरी खास व्हावं. कोणी अनुभव सांगाल का?

खवय्या_ठाणेकर:
ताई, मास्कला मी आणि बायको आमच्या दहाव्या वाढदिवसाला गेलो होतो. महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीत आहे, 2016 पासून चालू. जेवण अप्रतिम, त्यात वादच नाही, आपल्याच देशातल्या कुठल्या कुठल्या भागातून आणलेल्या वस्तू आणि त्यावर केलेली मेहनत दिसते. पण संध्याकाळी तिथे टेस्टिंग मेनू असतो, म्हणजे आपण ऑर्डर नाही करायची, ते एकामागून एक दहाएक पदार्थ आणतात, प्रत्येक दोन-तीन घासांचा, आणि आमचे जवळजवळ तीन तास गेले. इन्सुलिन घेतलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात पोटात काय आणि किती जाईल याचा अंदाजच येत नाही, हा धोका घेऊ नका. आणि चौघांचं वीस हजारात बसणं कठीण आहे. ते तुम्ही आणि तुमचे मिस्टर जा कधीतरी, नक्की जा.

माहीमची_मावशी:
मी तर म्हणेन रात्रीचा विचारच सोडा. मागे सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो, नाव नको. ॲपवरून बुकिंग करताना कांदा-लसूण नको असं लिहिलेलं, तिथे गेल्यावर कोणालाच पत्ता नाही. उजेड इतका कमी की सासूबाई मेनूकार्डावर मोबाइलचा टॉर्च मारून वाचत होत्या, पहिली डिश यायला पाऊण तास, तोवर त्या नुसत्या नॅपकिनच्या घड्या घालत बसल्या. "चला ना घरी, मी पिठलं टाकते" म्हणाल्या तेव्हा मला रडूच आलं. तेव्हापासून मी प्रत्यक्ष फोन करते आणि विचारते, वयस्कर माणसं आहेत, पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, गोंगाट नसलेलं टेबल मिळेल का, शाकाहारीत पोटभर काय आहे. फोनवर जो माणूस शांतपणे उत्तरं देतो त्याच्याकडेच जायचं.

आणि अगं, तुझ्या फोटोतच उत्तर आहे की! ताजमध्ये सी लाउंजला ने. खिडकीतून समोर गेटवे आणि समुद्र. दुपारचा हाय टी असतो, सँडविच-केकबरोबर भेळ-शेवपुरीही असते, आईला बुजल्यासारखं होणार नाही. पूर्वी मुलगी बघायचे कार्यक्रम व्हायचे म्हणे तिथे. पूर्ण जेवणच हवं असेल तर ताजमध्येच गोल्डन ड्रॅगन आहे, 1973 पासूनचं, चायनीज, हवं ते मागवता येतं.

आकडेमोड_पुणे:
एक बिलाचं सांगतो. मेनूवरच्या किमतीवर टॅक्स वेगळा. साध्या, हॉटेलात नसलेल्या रेस्टॉरंटला 5 टक्के जीएसटी, पण जिथे खोलीचं भाडं 7500 च्या वर असतं अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटला 18 टक्के. म्हणजे ताजमध्ये 15 हजारांचं खाल्लं तर 17,700 होतात, हे धरून चाला. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, 2022 च्या ग्राहक प्राधिकरणाच्या सूचना आहेत आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या कायम ठेवल्या. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा, मात्र वाढणाऱ्याने मनापासून केलं असेल तर टीप जरूर त्याच्या हातात द्या. आईबाबांसमोर बिल येऊ देऊ नका, आकडा बघितला की त्यांचा घास गोड लागत नाही. कार्ड आधीच काउंटरवर देऊन ठेवा.

डोंबिवलीची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचं वाचून मी आणि दादा दोघंही गप्प झालो, आम्ही इतके दिवस कुठलं ठिकाण भारी हेच बघत होतो. ठरलंय आता, सी लाउंज. संकष्टीच्या आदल्या शनिवारी, दुपारी साडेतीनला, म्हणजे आईचा उपास नाही, बाबा रात्री वेळेवर घरी आपलं इन्सुलिन घेऊन भाकरी खातील आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्येही अडकायला नको. फोन केला, खिडकीजवळचं टेबल मागितलंय, लिफ्टचं विचारलं, बाबांसाठी बिनसाखरेच्या चहाचं सांगितलं. आईला फक्त एवढंच सांगितलंय की गेटवेला फिरायला जायचंय. तिने लगेच विचारलं, वारा असतो गं तिथे, कुठली साडी नेसू?

माहीमची_मावशी:
फोटोतलीच साडी असेल अजून कपाटात, विचार तिला. पिना मात्र जास्त घेऊन जा.