चांगली चेटकीण की परी? बॉमच्या ऑझमधल्या काही शब्दांबद्दल

प्रश्न : एल. फ्रँक बॉम यांच्या ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ची सुरुवातीची प्रकरणं सोसायटीतल्या मुलांना वाचून दाखवायला मराठीत करते आहे. ‘गुड विच’पाशी अडले. ‘चांगली चेटकीण’ कानाला विचित्र वाटतं, म्हणून सरळ ‘परी’ लिहावं म्हणते. चालेल का? आणि हडळ, डाकीण, जादूगारीण यांत नेमका फरक काय?

प्रतिसाद : ताई, परी नको. तुम्हाला जे विचित्र वाटलं तेच गोष्टीतल्या डॉरथी या मुलीलाही वाटतं. ती त्या चांगल्या चेटकिणीला तोंडावर सांगते की मला तर सगळ्या चेटकिणी दुष्टच असतात असं वाटायचं, आणि बाई म्हणते, छे, हा मोठाच गैरसमज. तिथे परी आणली तर हा संवादच लटका पडतो. परी दुष्ट असते असं कुठल्या मुलाला वाटतं?

आता शब्द. हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत, जखीणही त्याच गोतावळ्यातली. चेटकीण मात्र जितीजागती बाई, जिला चेटूक येतं. जादूगारीण म्हटलं की भीती कमी, करामत जास्त. डाकीण आणि भुताळी हे शब्द मुलांच्या गोष्टीत आणूच नका. सातपुड्यातल्या पाड्यांवर ‘डाकीण’ म्हणून खऱ्याखुऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच प्रकारांसाठी करावा लागला. चेटकिणीचं तसं नाही. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की तो शब्द मराठी मुलांच्या लाडाचा झाला.

पण माझा खरा मुद्दा बॉम यांच्या घरातला आहे. त्यांच्या सासूबाई माटिल्डा जॉस्लिन गेज. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन यांच्या बरोबरीने लढलेल्या. मुलगी मॉड कॉर्नेल विद्यापीठातलं शिक्षण सोडून नाटक कंपनीवाल्या फ्रँकशी लग्न करणार, हे त्यांना आधी अजिबात रुचलं नव्हतं. १८८२मध्ये लग्न झालं आणि पुढे सासू-जावयाचं चांगलं जमलं. जावयाची गाडी मात्र रुळावर येईना. डाकोटातल्या अ‍ॅबर्डीनमध्ये दुकान काढलं ते बुडालं, मग वर्तमानपत्र चालवलं तेही गेलं. १८९१मध्ये शिकागोला येऊन चिनी मातीच्या भांड्यांचे फिरते विक्रेते झाले. सासूबाई हिवाळ्यात लेकीकडे मुक्कामाला असत. घरातल्या पोरांना सांगता त्या गोष्टी लिहून काढा, हा आग्रह त्यांचाच, असं घरचे सांगत आले.

१८९३मध्ये गेजबाईंचं ‘वूमन, चर्च अँड स्टेट’ आलं. चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या बायकांवर त्यात अख्खं प्रकरण आहे. या बायका त्यांच्या काळातल्या जाणत्या होत्या, त्यांना औषधपाणी कळत होतं आणि तेच ज्ञान चर्चला खुपलं, असं त्या ठासून मांडतात. १८९८च्या मार्चमध्ये जावयाच्याच घरी त्या वारल्या. दोन वर्षांनी ऑझचं पुस्तक निघालं आणि त्यात उत्तरेची चेटकीण आहे सुरकुतल्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची, चालताना अवघडणारी म्हातारी. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ती काय करते पाहा. टोपीचं टोक नाकाच्या शेंड्यावर तोलून धरते, गंभीरपणे एक-दोन-तीन म्हणते आणि टोपीची पाटी होते. पाटीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की डॉरथीने पाचूनगरीला जावं. ही चेटकीणच. परीला छडी लागते, हिला नाक पुरतं.

१९३९च्या चित्रपटाने उत्तरेची ही म्हातारी आणि दक्षिणेची चांगली चेटकीण ग्लिंडा एकत्र करून गुलाबी झग्यातली सुंदरी उभी केली. आपल्या डोक्यात परी येते ती तिथून.

प्रश्न : पटलं, चेटकीणच ठेवते. पण ती म्हातारी एका दमात विच, विझार्ड, सॉर्सरेस, मॅजिशियन असे चार शब्द घेते. म्हणते, सिव्हिलाइज्ड देशांत आता यातलं कोणी उरलेलं नाही, ऑझ मात्र कधी सिव्हिलाइज्ड झालंच नाही. तिथे काय करू?

प्रतिसाद : चेटकीण, जादूगार, जादूगारीण, मांत्रिक, याच क्रमाने. जादूगारीण इथे वापरून ठेवलीत की पुढे सोपं जाईल, कारण १९०४च्या दुसऱ्या पुस्तकात ग्लिंडा सॉर्सरेस आहे. त्याच पुस्तकातल्या मोंबीला त्या मुलखात चेटकीण व्हायला कायद्याने बंदी आहे, फार तर जादूगारीण होता येतं. म्हणजे बॉम हे शब्द तोलूनमापून वापरतात.

‘सिव्हिलाइज्ड’ला ‘सुसंस्कृत’ लिहू नका. सुसंस्कृत म्हणजे चांगलं वळण असलेला, आणि म्हातारीला तेवढंच म्हणायचं नाही. ‘सुधारलेले देश’ लिहा. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात साहेबाच्या राज्याबद्दल हाच शब्द चालायचा, आणि तो तसा बोचायला हवा. याच बॉम यांनी १८९०च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅबर्डीनच्या आपल्या वर्तमानपत्रात, सिटिंग बुल हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा पुढारी मारला गेल्यावर, सिव्हिलायझेशनच्या न्यायाने गोरेच या खंडाचे धनी आहेत आणि उरलेल्या इंडियनांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, नायनाट करावा असं लिहिलं. वूंडेड नी इथे सैन्याने केलेल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीनंतर जानेवारीत पुन्हा तेच लिहिलं. वाचताना अंगावर काटा येतो. आणि गेजबाई? त्यांना तिथल्याच मूळ रहिवाशांपैकी मोहॉक लोकांनी १८९३मध्ये आपल्या लांडगा कुळात मानाने दत्तक घेतलं होतं.

दहा वर्षांनी तोच माणूस सगळी जादू न सुधारलेल्या मुलखात नेऊन ठेवतो. त्याचं मत पालटलं होतं असं यावरून मी म्हणणार नाही, जुने अग्रलेख त्याने पुसले नाहीत. पण दोन्हीकडे शब्द तोच आहे, म्हणून मराठीतही तो गुळगुळीत करू नका.